पाठांतराचा शिक्का

‘ऑर्गॅनिक समजून घे, फिजिकल सोडवून बघ आणि इनऑर्गॅनिक सरळ पाठ कर.’ बी.एस्सी.ला नव्याने आलेल्या मुलाला वसतिगृहातली थोरली मुले जे चार सल्ले देतात, त्यांत हा असतोच. विद्यार्थी असताना मी तो ऐकला, आणि असेंद्रिय रसायन शिकवू लागल्यापासून दरवर्षी नव्या तोंडून ऐकतो आहे. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. त्याने स्वतः तसेच केलेले असते आणि त्याला गुणही मिळालेले असतात. पुढे तोच मुलगा शिक्षक होतो, फळ्यावर तक्ता उतरवतो आणि ‘एवढे पाठ करून या’ म्हणतो. मत असे पिढीजात होत जाते. ते चुकीचे आहे, आणि त्यामुळे या विषयाचे आणि मुलांचेही खरे नुकसान झाले आहे, असे मला मनापासून वाटते.

खंडन करण्याआधी पूर्वपक्ष असा मांडावा की प्रतिपक्षानेही मान डोलवावी, ही आपल्या शास्त्रकारांची शिस्त आहे. ती पाळतो. सेंद्रिय रसायनात मुख्य पात्र एकच, कार्बन. त्याचे चार बंध ठरलेले. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे बाणांनी दाखवता येते, आणि एक क्रियाविधी नीट कळला की पन्नास अभिक्रिया उलगडतात. भौतिक रसायनात दोन-तीन गृहीतकांवरून समीकरण काढता येते. असेंद्रियात मात्र ११८ मूलद्रव्ये, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. नायट्रोजन वायू, त्याच्याच खालचा फॉस्फरस घन. नियम सांगून होत नाही तोच अपवाद दारात उभा. याहून वजनदार मुद्दा इतिहासाचा आहे. अमोनियाच्या कारखान्यासाठी उत्प्रेरक शोधताना बी.ए.एस.एफ. कंपनीत आल्विन मिटाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो चाचण्या केल्या. ॲल्युमिना आणि पोटॅशची जोड दिलेले लोखंड हाती लागले ते चाचण्यांमधून. १९१३ मध्ये ओप्पाऊचा कारखाना सुरूही झाला. लोखंडाच्या पृष्ठभागावर नायट्रोजनचे नेमके काय होते, हे गेरहार्ड एर्टल यांनी उलगडले ते त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटल्यावर. शोधणारेच जिथे आधी चाचपडले आणि कारण मागाहून सांगू लागले, तिथे विद्यार्थ्याने कारण मागावे कशाला? जे आहे ते लक्षात ठेवावे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. त्यातला शेवटचा मुद्दा आधी घेतो. कारण उशिरा सापडले म्हणून ते कमी खरे ठरत नाही. मिटाश चाचण्या करत होते तेव्हा एर्टल यांचे उत्तर उपलब्ध नव्हते. आजच्या विद्यार्थ्याला ते उपलब्ध आहे. त्याने मिटाशच्या जागी उभे राहून शिकावे असा आग्रह धरणे म्हणजे शंभर वर्षांची कमाई त्याच्यापासून लपवून ठेवणे होय.

आता अपवादांकडे वळू. हा आक्षेप घेणारे आपण, ज्यांच्या परंपरेत पाणिनी होऊन गेला! व्याकरणात उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम आणि अपवाद म्हणजे विशेष नियम. ‘यदि’ आणि ‘अपि’ जवळ आले की इकाराचा यकार होऊन ‘यद्यपि’ होते. पण ‘कवि’ आणि ‘इंद्र’ यांचा संधी ‘कवींद्र’ असा दीर्घ होतो, कारण पुढचा स्वर सजातीय आहे. हा अपवाद कुणाची लहर नाही. त्याला स्वतःचा हेतू आहे, स्वतःचे क्षेत्र आहे, आणि त्या क्षेत्रात तो उत्सर्गाहून बलवान आहे.

असेंद्रियातले बरेचसे अपवाद या जातीचे आहेत. आवर्तसारणीत गणात खाली जाताना अणूचा आकार वाढतो, हा उत्सर्ग. झिर्कोनियमखाली हाफ्नियम येते, तेव्हा आकार वाढायला हवा. तो जवळजवळ तेवढाच राहतो. कारण या दोघांच्या मधल्या वाटेवर लँथेनाइडांची रांग येऊन गेलेली असते. त्या रांगेत केंद्रकाचा प्रभार चौदाने वाढतो आणि बरोबर भरले जाणारे चौदा एफ-इलेक्ट्रॉन त्या प्रभाराची ओढ नीट झाकू शकत नाहीत. बाहेरचे इलेक्ट्रॉन आत ओढले जातात. एवढे समजले की पुढच्या गोष्टी ओळीने येतात. आकार सारखा म्हणून रसायन सारखे, आणि रसायन सारखे म्हणून निसर्गात दोघे एकाच खनिजात. म्हणूनच हाफ्नियम झिर्कोनियमच्या आड इतका काळ लपून राहिले, की कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी ते ओळखले तेव्हा १९२३ साल उजाडले होते. ‘हाफ्नियम: अपवाद’ असे वहीत लिहून ठेवणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही.

पाठांतराचा शिक्का सर्वांत घट्ट बसला आहे तो प्रात्यक्षिकांवर, म्हणजे सॉल्ट ॲनालिसिसवर. त्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण मुले तिथेच विषयाला पारखी होतात. किपच्या उपकरणाचा तो वास, परीक्षानळ्यांची रांग आणि भिंतीवरचा सहा गटांचा तक्ता. तिसऱ्या गटाची कृती मुलांना मंत्रासारखी येते: हायड्रोजन सल्फाइड उकळून घालवा, दोन थेंब नायट्रिक आम्ल घालून पुन्हा उकळा, आधी अमोनियम क्लोराइड, मग अमोनियम हायड्रॉक्साइड. तांबूस तपकिरी अवक्षेप आला तर लोह, खळीसारखा पांढरा आला तर ॲल्युमिनियम. हे असेच का, असे विचारले की वर्ग गप्प.

अशा वेळी मी मुलांना कोकणात नेतो, मनाने. सह्याद्रीचा कातळ काळा आहे, तो बेसॉल्ट. कोकणातल्या सड्यावरचा जांभा तांबडा. कोकणातला बराचसा जांभा या बेसॉल्टपासूनच झालेला आहे. बेसॉल्टमध्ये वजनाने जवळपास निम्मी सिलिका, शिवाय ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम. लाखो वर्षे त्यावर पाऊस कोसळला. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर समुद्राला मिळाले, सिलिकाही बरीचशी झिजून गेली. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाने दगड तांबडा केला, आणि जिथे ॲल्युमिनियमचे प्रमाण पुरेसे वाढले तिथे बॉक्साइट झाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पठारांवर ते खणून काढतात.

आता परीक्षानळीकडे पाहा. तिसऱ्या गटात खाली बसतात लोह, ॲल्युमिनियम आणि क्रोमियम. कॅल्शियम द्रावणातच राहून पाचव्या गटापर्यंत जाते आणि मॅग्नेशियम सहाव्यापर्यंत. जांभ्यात जे मागे राहिले तेच नळीत खाली बसले, आणि जे समुद्राला गेले ते नळीतही द्रावणात राहिले. कारण दोन्हीकडे एकच. लोह आणि ॲल्युमिनियम यांचे आयन लहान आणि त्यांच्यावर तीन प्रभार. भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना ते इतक्या जोराने ओढतात की त्या रेणूंतला हायड्रोजन सुटून जातो आणि हायड्रॉक्साइड तयार होते. आकड्यांत सांगायचे तर फेरिक हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार १० च्या उणे ३८ व्या घाताच्या आसपास आहे, आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा उणे ११ व्या घाताच्या. हायड्रॉक्साइड आयनाची चिमूट लोहाला पुरते, मॅग्नेशियमला ओंजळ लागते. अमोनियम क्लोराइड आधी घालायचे ते यासाठीच. ते अमोनियम हायड्रॉक्साइडचे आयनीभवन दाबून धरते, चिमटीपलीकडे हायड्रॉक्साइड मिळू देत नाही. क्रम उलटला तर मॅग्नेशियमही खाली बसू शकते, आणि मुलगा सहाव्या गटात ते शोधत बसतो.

आणि नायट्रिक आम्ल कशाला? हायड्रोजन सल्फाइड हे क्षपणक. त्याने फेरिक लोहाचे फेरस करून ठेवलेले असते, आणि दोनच प्रभारांचे फेरस लोह या चिमटीत पुरते अडकत नाही. म्हणून त्याला पुन्हा फेरिक करून घ्यायचे. बेसॉल्टमधले लोहही मुख्यतः फेरस असते. सड्यावर जे काम हवेतल्या ऑक्सिजनने केले, ते नळीत नायट्रिक आम्ल करते. रत्नागिरीकडची मुले ज्या चिऱ्यांच्या घरात वाढली, त्या घराच्या भिंती म्हणजे तिसऱ्या गटाचा अवक्षेप होता, हे त्यांना पदवीपर्यंत कुणी सांगितलेले नसते.

दुसरा आणि चौथा गट सल्फाइडांचा. तिथेही हीच गोष्ट पुढे जाते. कॉपर सल्फाइडचा विद्राव्यता गुणाकार १० च्या उणे ३६ व्या घाताजवळ, मँगनीज सल्फाइडचा उणे १३ व्या घाताजवळ. पुस्तकागणिक हे आकडे थोडे सरकतात, पण दरी तेवढीच राहते. आम्लात हायड्रोजन सल्फाइड सल्फाइडचे आयन अगदी मोजके देतो. तेवढ्यात तांबे खाली बसते, मँगनीज बसत नाही. त्याला अल्कलीची मदत लागते. राल्फ पिअरसन यांनी १९६३ मध्ये आम्ले आणि आम्लारी यांची ‘कठीण’ आणि ‘मऊ’ अशी विभागणी मांडली. कठीणाची कठीणाशी गट्टी, मऊची मऊशी. गंधक मऊ, ऑक्सिजन कठीण. मग खाणी आठवून पाहा. राजस्थानात खेत्रीचे तांबे गंधकाशी जोडलेले मिळते, आणि आपल्या भंडारा-नागपूर पट्ट्यातले मँगनीज मुख्यतः ऑक्साइडांच्या रूपात. नळीत सल्फाइड होताना कुरकुर करणारा धातू जमिनीतही ऑक्सिजनकडे झुकलेला. भिंतीवरचा तक्ता हा पृथ्वीच्या पाठीचा नकाशा आहे, आणि तो आम्ही मुलांना पाढ्यासारखा म्हणायला लावतो.

‘हे मागाहून लावलेले अर्थ झाले,’ असे प्रतिपक्षी म्हणेल. ‘तर्काने आधी सांगितले आणि मग तसे सापडले, असे दाखवा.’ मागणी रास्त आहे. मेंडेलेयेव्हचे गॅलियम आणि जर्मेनियम सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून ते सोडतो. वेर्नरचे घेऊ.

कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांची रंगीबेरंगी संयुगे एकोणिसाव्या शतकात पुष्कळ तयार झाली. कोबाल्टमागे क्लोरीन तीनच, पण अमोनिया कधी सहा, कधी पाच, कधी चार. सहाचे पिवळसर नारिंगी, पाचाचे जांभळट, चाराचे हिरवे. सिल्व्हर नायट्रेट घातले की पहिल्यातून तिन्ही क्लोरीन खाली बसत, दुसऱ्यातून दोन, तिसऱ्यातून एकच. कोपनहेगनचे सोफुस यॉर्गेन्सन ही संयुगे अत्यंत निगुतीने करत आणि अमोनियाच्या साखळ्या कल्पून त्यांचा अर्थ लावत. १८९३ मध्ये सव्वीस वर्षांच्या आल्फ्रेड वेर्नरने त्याच माहितीकडे पाहून वेगळे सांगितले. कोबाल्टभोवती सहा जागा आहेत आणि त्या अष्टफलकाच्या सहा टोकांवर आहेत. त्या जागांवर बसलेले क्लोरीन धातूला घट्ट असते, बाहेरचे सिल्व्हरला सापडते. मग त्याने मोजदाद केली. चार अमोनिया आणि दोन क्लोरीन अष्टफलकावर बसवायचे तर मांडण्या दोनच होतात: क्लोरीन शेजारी-शेजारी किंवा समोरासमोर. सपाट षट्कोन असता तर तीन झाल्या असत्या. म्हणजे हिरव्या संयुगाला एकच भावंड असले पाहिजे. ते त्या वेळी कुणाकडेच नव्हते. वेर्नरने ते जांभळे संयुग मिळवले १९०७ मध्ये, चौदा वर्षांनी. यॉर्गेन्सन यांनी आपले मत मागे घेतले. आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घातला त्यांच्याच काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांवर वेर्नरची इमारत उभी होती, ही गोष्ट मला या कथेत फार मोलाची वाटते.

कार्बनचे चार बंध चतुष्फलकाकडे रोखलेले आहेत, हे १८७४ मध्ये ठरले तेही समघटकांच्या अशाच मोजणीवरून. सेंद्रिय रसायनाची ज्या तर्कासाठी आपण वाखाणणी करतो तोच तर्क वेर्नरने कोबाल्टवर चालवला. तरी एक शंका उरली होती. आरशातल्या प्रतिमेसारखी समघटकता दिसते ती अमोनियाच्या जागी बसवलेल्या कार्बनी रेणूंमुळे तर नसेल? वेर्नरने १९१४ मध्ये एकही कार्बन नसलेले तसे संयुग करून ती शंकाही मिटवली. त्याच्या आदल्या वर्षी त्याला नोबेल मिळालेले होते.

दुसरे उदाहरण नील बार्टलेटचे, १९६२ मधले, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडने ऑक्सिजनच्या रेणूचाच इलेक्ट्रॉन हिरावून घेतला, हे त्याने पाहिले होते. ऑक्सिजनच्या रेणूची आयनन ऊर्जा मोलमागे सुमारे ११७५ किलोज्यूल. झेनॉनची ११७०. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर, ऑक्सिजन देतो तर झेनॉनने का देऊ नये, हा प्रश्न टाळता येत नाही. त्याने दोन्ही वायू एकत्र आणले आणि पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. तो कागदावरच्या सूत्राइतका सरळ नव्हता हे नंतर कळले, पण ‘निष्क्रिय’ हा शब्द त्या दिवशी मोडला. आमच्या परीक्षांत हे दोन आकडे एकेका गुणाच्या रिकाम्या जागा म्हणून विचारले गेले आहेत. बार्टलेटला तरी ते ठाऊक होतेच ना, असे कुणी म्हणेल. होतेच, आणि माझा मुद्दाही तोच आहे. सुटा आकडा ओझे असतो. दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवलेला आकडा प्रश्न विचारतो.

इथे माझ्याच पक्षातल्या लोकांशी माझे भांडण आहे. पाठांतराला विरोध करायचा म्हणून आम्ही शिक्षक पुष्कळदा खोटी कारणे देतो. क्रोमियमच्या अणूत ३डी कक्षिकांत पाच इलेक्ट्रॉन आणि ४एस मध्ये एक, असे का? ‘अर्धे भरलेले उपकवच स्थिर असते म्हणून.’ मुले हे उत्तर आनंदाने लिहितात. पण क्रोमियमच्याच गणात खाली टंगस्टन आहे. त्याच्यात डी इलेक्ट्रॉन चार आणि एसमध्ये दोन. नायोबियममध्ये चार आणि एक, म्हणजे तिथे ना अर्धे ना पूर्ण, तरी एस इलेक्ट्रॉन सरकलेलाच. कारण खरे असते तर ते टंगस्टनला लागू पडले असते आणि नायोबियमला त्याची गरज पडली नसती. कक्षिकांच्या ऊर्जा एकमेकींच्या अगदी जवळ आहेत, इलेक्ट्रॉनांचे आपसातले अपकर्षण आणि विनिमय ऊर्जा यांचा ताळेबंद प्रत्येक अणूत वेगळा बसतो, आणि तो हिशेब एका ओळीत मावत नाही, असे सांगायला हवे. हुशार मुलाला खोटे कारण बरोबर ओळखू येते. मग त्याला वाटते की इथली सगळीच कारणे अशी सोयीची असतील, आणि तो ‘पाठ कर’वाल्यांना जाऊन मिळतो. त्याला मी दोष देत नाही.

मग पाठांतर नकोच का? हवेच. पावकी-निमकी पाठ असलेला जुना दुकानदार तोंडी हिशेब करी, तो पाठांतरामुळे विचार थांबला म्हणून नव्हे, तर हाताशी असलेल्या पाढ्यांवर विचार पुढे धावे म्हणून. काही धातूंची क्षपण-विभवे, काही लिगँडांचा क्रम, पहिल्या रांगेतल्या संक्रमण धातूंच्या नेहमीच्या ऑक्सिडीकरण अवस्था तोंडावर असल्याच पाहिजेत. दर वेळी पुस्तक उघडणाऱ्याला दोन गोष्टींमधले नाते दिसत नाही, कारण त्या दोन्ही एकाच वेळी मनात नसतात. माझे भांडण पाठांतराला विषयाचे शेवटचे टोक मानण्याशी आहे.

राहता राहिली प्रश्नपत्रिका. मुले पाठ करतात ती विषयाला ओळखून नव्हे, प्रश्नपत्रिकेला ओळखून. ‘टीप लिहा: सिसप्लॅटिन’ असे विचारले की १८४५ मध्ये पेरोने यांनी ते प्रथम केले, १९६० च्या दशकात रोझेनबर्ग यांना प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांजवळ जिवाणूंचे विभाजन थांबलेले दिसले, १९७८ मध्ये अमेरिकेत कर्करोगावरचे औषध म्हणून मान्यता मिळाली, एवढे लिहून गुण मिळतात. त्याच अभ्यासक्रमातून, त्याच गुणांसाठी, असेही विचारता येईल: एका शिक्षकाजवळ पोटॅशियम टेट्राक्लोरोप्लॅटिनेट आणि अमोनिया आहे, दुसऱ्याजवळ चार अमोनियांचे प्लॅटिनम संयुग आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. दोघांनाही दोन अमोनिया आणि दोन क्लोरीन असलेले संयुग हवे आहे. दोघांना एकच पदार्थ मिळेल का?

लक्षात ठेवायची गोष्ट एकच, आणि ती इल्या चेर्न्यायेव्ह यांनी १९२६ मध्ये सांगितलेली आहे: प्लॅटिनमच्या चौकोनात क्लोरीन आपल्या समोरच्या जागेला अमोनियापेक्षा अधिक सैल करतो. आता चौकोन काढायचा. पहिल्या शिक्षकाकडे चारही कोपऱ्यांत क्लोरीन. एका जागी अमोनिया आला. त्याच्या समोरचा क्लोरीन अमोनियासमोर आहे, म्हणून घट्ट. उरलेले दोन क्लोरीन एकमेकांसमोर, म्हणून सैल. दुसरा अमोनिया त्यांपैकी एकाला उठवतो आणि पहिल्या अमोनियाच्या शेजारी येऊन बसतो. हे सिसप्लॅटिन, रुग्णाला देतात ते. दुसऱ्या शिक्षकाकडे चारही कोपऱ्यांत अमोनिया. एक क्लोरीन आत आला की सैल झाला तो त्याच्या बरोबर समोरचा अमोनिया. दुसरा क्लोरीन तिथेच जातो, आणि बाटलीत तीच मूलद्रव्ये तेवढ्याच प्रमाणात असूनही ट्यूमरवर ती काम करत नाहीत.